उजेड ठेवलेली दुकानं

३ जानेवारी

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. आज लिहीत नाही. मनात नसलेलं कागदावर उतरवायचं काम तुझं, माझं नाही.

पेपरात तुझा फोटो आलाय. टाय लावलेला, गाल वर आलेले. आपले चष्मेवाले काका तो पेपर घेऊन सकाळीच आले आणि माझ्या काउंटरवर, बटणांच्या डब्यांवरच पसरला त्यांनी. म्हणाले, "वाच. तुझ्या भावानं आपल्या रस्त्याला सर्टिफिकेट दिलंय."

वाचलं, तू दुकानं मोजून पालिकेला दिलेला अहवाल. "गेल्या पाच वर्षांत या रस्त्यावर बंद पडलेल्या दुकानांपेक्षा नवीन उघडलेली दुकानं जास्त. रिकामे गाळे नगण्य. बाजार सुदृढ." सुदृढ म्हणे. बाळसं धरलंय जणू आम्ही. तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

कोणती रे उघडलेली दुकानं? कोपऱ्यावरचा गाळा घे. तिथे चपलांचं दुकान होतं, तुला शाळेचे बूट तिथूनच घ्यायचे. ते गेलं. मग मोबाइलची कव्हरं आली, फुगे लावून. ती गेली. मग केक आले, पुन्हा फुगे. मग नखं रंगवायचं दुकान, मग कुठलीही वस्तू एकाच भावात, आणि आता पार्सल ठेवायची खिडकी आहे. एका गाळ्यानं पाच माणसं खाल्ली आणि सहावं तोंडात आहे. चपलांचं दुकान पाच वर्षांच्या आधीच गेलेलं, पण त्यानंतरची पाच तुझ्या हिशेबात उघडलेली दुकानं झाली. बंद झालेल्यांच्या रकान्यातही ती येतात, पण एकानं कमी, कारण शेवटचं अजून मरायचंय. हीच तुझी वाढ ना?

केकवाली मुलगी माझ्याकडून रिबिनी न्यायची, खोक्यांना बांधायला. फिकट गुलाबी, बारीक. पहिल्या महिन्यात मोठा रीळ उचलला. मी म्हटलं, अगं, अर्धा ने, लागेल तसा देते. म्हणाली, "नाही मावशी, लागणारच आहे." जायच्या दिवशी तोच रीळ घेऊन आली आणि विचारलं, परत घेता का. मी घेतला. अजून आहे, कोणी मागत नाही तो रंग. ती तुझ्या कागदावर कुठे आहे ते मला दाखव.

आणि हे नुसतं पेपरात छापून संपलं असतं तर मी तोंड बंद ठेवलं असतं. मागच्या बाजूला साबणाच्या कारखान्याची जागा आहे ना, तिथे ते अवाढव्य दुकान काढायचा अर्ज पडलाय. बटणापासून फ्रिजपर्यंत सगळं एका छपराखाली. नियम असा आहे की शेजारचा जुना बाजार मोडकळीला आला असेल तर एवढ्या मोठ्या दुकानाला परवानगी देत नाहीत. धडधाकट असेल तर देतात. आणि आम्ही धडधाकट आहोत हे कुणी लिहून दिलं? तूच ना?

मार्चमध्ये पालिकेचे लोक पाहणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर उभं राहा आणि सांग, मोजणी चुकली. एवढंच मागते. पाच वर्षांत काही मागितलेलं नाही.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. ईमेल माझ्या मुलीच्या फोनवर पाठवतोस, म्हणजे मी ते तुझ्या भाचीच्या तोंडून ऐकायचं. बिचारी वाचताना अडखळत होती. चार ओळी. "ताई, मोजणीची पद्धत ठरलेली असते. शटर वर असेल, आत दिवा असेल आणि कोणी बसतं अशी खूण असेल, तर दुकान चालू धरतात. यात माझं वैयक्तिक काही नाही."

वैयक्तिक काही नाही. बरं.

परक्या माणसानं असं मोजलं असतं तर मी त्याला चहा पाजून समजावलं असतं. तू परका आहेस का? उजेड ठेवणं म्हणजे काय हे तुला मी सांगायचं? मग सांगतेच, कारण तिकडच्या काचेच्या ऑफिसात बसून तुझ्या डोक्यातून ते पार पुसलं गेलेलं दिसतंय.

आई दवाखान्यात होती तेव्हा अप्पा महिनाभर तिच्या उशाशी होते. आपलं दुकान एक दिवस तरी अंधारात होतं का? काका रोज सकाळी आपलं शटर उचलायचे, दिवा लावायचे, खुर्चीवर अप्पांचा कोट टाकायचे. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "आत्ताच बाहेर गेलेत, काय हवं ते सांगून जा." कारण अंधार दिसला की गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेनं जायला शिकतं, आणि एकदा शिकलं की परत येत नाही. या रस्त्यावर कोणी आजारी पडलं, कुणाच्या घरी कोणी गेलं, की शेजाऱ्यानं उजेड ठेवायचा. न सांगता. आभारही मानायचे नाहीत, उगाच तोंडदेखलं वाटतं म्हणून. यातच आपण वाढलो.

पण पूर्वी माणसं परत यायची. आता येत नाहीत आणि दिवा मात्र कुणाला विझवता येत नाही. वह्यावाले मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले, त्यांचा दिवा काका लावतात. शिंप्याला दिसेनासं झालं, त्याचा मी लावते. कुलूपवाले गेले, वर्ष उलटून गेलं. त्यांची बायको, आपली कुलूपवाली मावशी, रोज येते, शटर उचलते, किल्ल्यांवरची धूळ पुसते आणि बसते. तिला किल्ली घासता येत नाही. मशीनला हातही लावत नाही ती.

तुमच्या ऑफिसची, तुझ्या हाताखालची एक मुलगी हातात पाटीसारखा कॉम्प्युटर घेऊन आली आणि मावशीला विचारलं, "दुकान चालू आहे का?" मावशी म्हणाली, "चालू आहे तर." अरे, दुसरं काय म्हणेल ती? त्या पोरीचा दोष नाही. तिनं बोट लावलं आणि पुढच्या दारी गेली.

आणि आता खरं सांग. काकांनी तुला पाहिलंय. ऑक्टोबरात, समोरच्या फुटपाथवर, विजेच्या खांबाला टेकून. काका म्हणतात तू बराच वेळ उभा होतास, फोनमध्ये फोटो काढलास आणि निघून गेलास. मी आत होते रे. रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? दोन पावलं टाकली असतीस तर तुझे बूट झिजले नसते.

तू जाताना आपलं काय बोलणं झालं ते मी विसरलेले नाही. "घड्याळं आता कोण दुरुस्त करून घेतं, ताई? आपल्या दुकानातली माझी घड्याळांची बाजू भाड्यानं दे, नाहीतर बंद कर." अप्पांना जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. मी म्हटलं, जायचं तर जा, माझ्या दुकानात मला अक्कल शिकवू नकोस. गेलास. ठीक आहे. पण माझ्यावरचा राग सगळ्या रस्त्यावर काढायचा नव्हता.

ताई


७ फेब्रुवारी

धाकट्या,

काकांनी पालिकेच्या कचेरीत खेटे घालून तुमच्या अहवालाची मागची पानं मिळवली. त्यात दारादाराची नोंद आहे. मी आधी आपलं दार शोधलं, तूही तेच केलं असतंस.

"डावं शटर: बटणं, लेस, दोरे. चालू." ते मी.

"उजवं शटर: घड्याळ दुरुस्ती. चालू."

हसावं की डोकं आपटावं कळेना. मी काकांना विचारलं, कोण चालवतंय हो घड्याळ दुरुस्ती? काका चष्मा पुसत बसले. त्यांना बोलायचं नसलं की ते चष्मा पुसतात, आणि दुकानात चष्म्यांना काय तोटा.

या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करणारी दोनच माणसं झाली. अप्पा आणि तू. अप्पा गेले. मग शिकलासवरलेला, टाय लावलेला तू, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहितोस की तुझं दुकान चालू आहे. कुणाच्या भरवशावर लिहिलंस? आत डोकावून तरी बघायचं होतंस.

तिथे दिवा का होता ते विचारू नकोस. दिवे कधी कधी राहून जातात. बटण माझ्याच बाजूला आहे, चुकून लागतं.

पाहणी बारा मार्चला ठरली आहे. रस्त्यावरच्या सगळ्यांची काकांच्या दुकानात बैठक झाली. काका म्हणाले, त्या दिवशी जी दुकानं खरोखर बंद आहेत त्यांची शटरं खाली राहतील, आपला रस्ता कसा आहे तो दिसू दे. मग मावशी उठली. म्हणाली, "म्हणजे मी माझ्या हातानं त्यांचा दिवा विझवायचा?" आणि निघून गेली. मी तिच्यामागे गेले तर मला म्हणाली, तुझ्या भावाला सांग, एवढं शिकून माणसं मोजता आली नाहीत त्याला.

सांगितलं. आता उत्तर दे. आणि भाचीच्या फोनवर पाठवू नकोस. पोर मामाचं नाव निघालं की खोलीत जाऊन बसते.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. हातानं लिहिलेलं. पाकिटावरचं अक्षर पाहून क्षणभर अप्पांचं वाटलं, तुमचा 'ट' अगदी एक आहे. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला चुकीचा दोरा दिला मी.

तू लिहितोस, "ताई, मी समोर उभा होतो. माझ्या टेबलावर दिवा होता. खुर्चीवर कुणाचा तरी कोट होता. मला वाटलं तू कारागीर ठेवलास. वाईट वाटलं, पण म्हटलं बरोबरच आहे, मीच सांगून गेलो होतो. माझ्या जागी दुसरा बसलेला असताना आत कोणत्या तोंडानं येऊ? म्हणून चालू असं लिहिलं आणि निघालो."

अरे गाढवा, तो कोट तुझा.

राखाडी, कामाचा, उजव्या खिशाला तेलाचा डाग. तू खिळ्यावर टाकून गेलास तोच. स्वतःचा कोट ओळखता आला नाही तुला? पाच वर्षं मी रोज सकाळी आधी तुझं शटर उचलते, मग माझं. दिवा लावते. कोट झटकून खुर्चीवर टाकते. कोणी घड्याळ घेऊन आलं तर सांगते, बाहेर गेलाय, येईल. आधी लोक विचारायचे, कधी येईल. आता विचारत नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून. एका म्हाताऱ्यानं तर टेबलावर त्याचं घड्याळ ठेवून दिलंय, म्हणतो, आला की बघू दे, मला कुठे गाडी पकडायची आहे.

आता कळलं मी का चिडले आहे? अहवाल एकीकडे राहू दे. उजेड माणूस परत येणार असेल तर ठेवतात, हे तुला माहीत होतं. दिवा पाहिलास, कोट पाहिलास, खुर्ची रिकामी पाहिलीस. दुसऱ्या कुठल्याही दारात हे दिसलं असतं तर तू ओळखलं असतंस. पण ताई माझ्यासाठी दिवा लावेल, हे तुझ्या मनातच आलं नाही. कारागीर ठेवला असेल हे लगेच आलं. एवढीच ओळखतोस का मला? या गोष्टीनं मला जेवढा ताप झालाय तेवढा त्या साबणाच्या कारखान्यानं नाही झाला.

पुढे तू लिहितोस की पाहणीला येऊन बोललास तर नोकरीवर गदा येईल. येईल. मी खोटं बोलणार नाही, येईलच. आम्ही नुसती शटरं खाली ओढली तर साहेब लोक म्हणतील, नाटक आहे, कालपर्यंत तर दिवे होते. ज्यानं मोजलं त्यानंच सांगितलं तरच ते ऐकतील. तू नाही आलास तर मोठं दुकान येतं आणि दोन वर्षांत माझंही शटर कुणीतरी दुसरं उचलेल. कोण उचलेल? काकांचे गुडघे गेलेत. मावशी स्वतःचं उचलते तेच खूप.

मावशी तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. काल आली आणि म्हणाली, "मी बंद करीन. पण मी स्वतः करीन, कुणी मदतीला यायचं नाही." मग एक साधी काळी बटणांची पट्टी घेतली, तिला नको असताना. मी गुपचूप दिली.

त्या दिवशी शिंप्याचं शटर मी खाली ठेवीन. वह्यावाल्यांचं काका ठेवतील. तुझं मी खाली ओढणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही आणि मला करायचंही नाही. तुझं दुकान आहे. ये आणि त्यांच्यासमोर तूच ओढ, नाहीतर आत येऊन बस. तिसरं काही ऐकून घेणार नाही. आणि दोन्हींतलं काहीच करायचं नसेल तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस, ना हातानं ना फोननं.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

तू आलास हे मला मान्य आहे. मी नाही म्हणत नाही.

गाडीनं उशिरा आलास, सगळे वाट बघून कंटाळले तेव्हा. तोपर्यंत ते तिघं साहेब निम्मा रस्ता चालून आले होते आणि त्यांच्यातल्या जाड चष्म्याच्या बाई फायलीत बघून काकांना विचारत होत्या की इथे तर सगळं चालू लिहिलंय, मग हे अर्धं बंद कसं. काका घामाघूम. मावशी तिच्या खाली ओढलेल्या शटरपुढे पायरीवर बसली होती. बाईंनी तिला विचारलं, "आजी, तुमचं दुकान?" मावशी म्हणाली, "बंद आहे. माझा माणूस गेला." तिनं हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल. मला सांगितलं नव्हतं कधी, मीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तू. बॅग हातात, टाय खिशात. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. सरळ उजव्या शटरपाशी गेलास आणि म्हणालास, "हे बंद आहे."

बाई म्हणाल्या, "आत दिवा आहे, कोट आहे. बंद कसं? कधीपासून?"

"मी गेलो त्या दिवसापासून."

"तुम्ही कोण?"

"मोजलं ते मीच. आणि हे दुकानही माझंच."

मग तू त्यांना उजेड ठेवणं म्हणजे काय ते सांगितलंस. दार दाखवत दाखवत सांगितलंस, कोण गेलं, कोणाला दिसत नाही, कोण मुलाकडे. कोपऱ्यावरच्या गाळ्याचंही सांगितलंस, एकामागून एक, आणि केकवालीला विसरला नाहीस. मी लिहिलेलंच बोलत होतास. मला बरं वाटलं आणि रागही आला, कारण हे सगळं तुला आधीच येत होतं.

मग शटर. तू हात घातलास आणि ते निम्म्यावर अडकलं. साहेब लोक बघताहेत, तू ओढतोयस, ते हलेना. डावीकडे गुडघा लावावा लागतो हे तू विसरलास. अप्पांनी तुला किती वेळा दाखवलं होतं. मी ठरवलं होतं हात लावायचा नाही. पण सगळ्या रस्त्यादेखत तुझी फजिती बघवेना, म्हणून मी येऊन गुडघा लावला आणि आपण दोघांनी ते खाली आणलं. तेव्हा तू रडलास. मी नाही रडले, कुणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

परवानगी थांबली आहे. नव्यानं मोजणी होणार, दुसऱ्या ऑफिसकडून. काका कुणाला पेढे वाटत फिरत नाहीत, आणि फिरूही नयेत. रस्ता आता जसा आहे तसा दिसतो. संध्याकाळी मधेमधे अंधार असतो, नवीन माणसाला ठेच लागेल. वह्यावाल्यांच्या गाळ्यासाठी कुणी विचारून गेलं, सायकली दुरुस्त करणारी एक बाई आहे म्हणे. बघू या. तुला ऑफिसनं घरी बसवलंय हे भाचीकडून कळलं. तिच्याशी बोलतोस तू, मला माहीत आहे. बोल.

काल सकाळी आल्या आल्या हात आधी तुझ्या शटरकडे गेला. सवय. मग आठवलं आणि माझंच उचललं. दिवसभर चुकल्यासारखं झालं. म्हाताऱ्याचं ते घड्याळ माझ्या गल्ल्याशेजारी आणून ठेवलंय. त्याला सांगितलं, दुकान बंद झालं, घेऊन जा. तो म्हणाला, राहू दे.

कोट मी शटर पडायच्या आधी बाहेर काढला होता, तुझ्या लक्षात आलं नाही. माझ्या बाजूला खिळ्यावर आहे. दुसरं बटण तुटलंय. तसलं बटण आता कुठेच येत नाही, म्हणून बाकीचीही काढून सगळी नवीन लावते आहे, गडद राखाडी, चार भोकांची. माझा राग गेला असं समजू नकोस. तुटक्या बटणाचा कोट माझ्या दुकानात टांगलेला लोकांनी पाहिला तर माझी अब्रू जाते. बाह्या आखूड होतात का तेवढं येऊन घालून बघ.

ताई